आधी मुरूम, मग खड्डे

रस्त्याला खड्डा पडला की महापालिका त्यात मुरूम टाकते. "तुझं उलटं झालंय लेका, आधी मुरूम आला आणि मग खड्डं पडलं," असं माझा सलूनवाला दोस्त गेली बारा-तेरा वर्षं दर दाढीला म्हणतो. गालावर त्याचा वस्तरा अडखळायचा, मग तो तुरटी फिरवायचा, मी चर्र करून ओठ आवळायचो आणि तो हेच वाक्य नव्यानं सुचल्यासारखं पुन्हा ऐकवायचा. मीही दर वेळी हसायचो. वस्तरा त्याच्या हातात होता.

"लेझर केलंस म्हणे, मग खड्डे गेले का?" असं आता इतके जण विचारतात की एकदाच सगळं लिहून टाकतो. गेले नाहीत. पण फरक पडलाय, आणि किती पडलाय हे मला चांगलं माहीत आहे, कारण मोजमाप मी स्वतः ठेवलंय.

मी धंद्यानं फोटोग्राफर. सांगलीत छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, प्री-वेडिंग आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांच्या अल्बमचं एडिटिंग. वराच्या आत्यापासून करवलीपर्यंत सगळ्यांचे फोड मी रोज काढतो. एका फोडाला एक क्लिक. "दादा, स्किन जरा सॉफ्ट करा, पण ओळखू आली पाहिजे," ही आमच्याकडची ठरलेली मागणी. या कामात एक गोष्ट पहिल्या महिन्यातच कळते. डाग वेगळा आणि खड्डा वेगळा. डाग म्हणजे रंग, तो शेजारची कातडी उचलून झाकता येतो. खड्डा म्हणजे सावली. त्याचा एक काठ उजळलेला असतो आणि दुसरा काळा. तो घालवायचा तर एका बाजूला उजेड भरायचा आणि दुसऱ्या बाजूचा उजेड काढायचा, आणि असे खड्डे एका गालावर वीस असले तर चहा मागवावा लागतो.

हे दुसऱ्याच्या तोंडाबद्दल मला ठाऊक होतं. स्वतःच्या तोंडाबद्दल कळायला तिशी उलटली.

फोड सुरू झाले दहावीत. आई म्हणायची, उष्णता आहे, सब्जा पी. मी सब्जा प्यालो, मुलतानी माती लावली, शेंगदाणे सोडले. पुढं एका मित्रानं मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. पंधरा दिवसांत तोंड असं उजळलं की मी ती दोन वर्षं लावली. त्यात स्टेरॉइड होतं. लावलं की चेहरा गोरा, थांबवलं की लाल आणि फोडांनी भरलेला, म्हणून परत लावा. अशी बरीच मलमं 2018 साली सरकारनं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा यादीत घातली. ती वाटेल त्याला मिळायची तेव्हा मी वाटेल तो होतो.

त्यानंतर एका पार्लरमध्ये 'डायमंड पॉलिशिंग' केलं. सहा सिटिंगचं पॅकेज, आगाऊ पैसे. टोकाला बारीक खडे बसवलेली एक दांडी, ती तोंडावर फिरवायची, ती वरचा थर घासते आणि ओढूनही घेते. तेव्हा माझ्या गालावर पिकलेले फोड होते आणि त्यांच्यावरूनच ती फिरली. दुसऱ्या सिटिंगनंतर हनुवटीपासून कानापर्यंत गाल पेटला. बाईंनी सांगितलं, आतली घाण बाहेर येतेय. उरलेल्या चार सिटिंगचे पैसे परत मिळाले नाहीत. मागायला मी फार जोरही केला नाही, ही माझी चूक.

आमच्याकडं कुणी मिरजेला निघालं की ते सतार घ्यायला तरी चाललंय किंवा डॉक्टरकडं. मी 2022 च्या मे महिन्यात दुसऱ्या कामासाठी गेलो. त्वचारोगाच्या एमडी असलेल्या मॅडम होत्या. त्यांनी आधी काय केलं, तर खोलीतला ट्यूबलाइट बंद केला आणि एक दिवा माझ्या गालाच्या बाजूनं धरला. मी मनात म्हटलं, या बाईला लायटिंग कळतं. समोरून फ्लॅश मारला तर माझा चेहरा सपाट दिसतो, बाजूनं उजेड आला की चंद्र. मग त्यांनी दोन बोटांनी गाल ताणला आणि आरसा माझ्या हातात दिला. काही खड्डे ताणल्यावर नाहीसे झाले, काही तसेच राहिले.

त्यांनी समजावलं ते असं. टाचणीनं टोचल्यासारखे अरुंद आणि खोल खड्डे, ते आइस पिक. काठ उभे आणि तळ सपाट, ते बॉक्सकार. आणि गालावर लाटा उठल्यासारखे पसरट खोलगट भाग, जे ताणल्यावर जातात, ते रोलिंग. फोड आतमध्ये सुजतो तेव्हा कातडीला आतून आधार देणारं कोलॅजन खातो. भरून येताना कमी भरलं की वर खड्डा दिसतो, आणि कधी आतले तंतू कातडीला खाली बांधून ठेवतात. माझ्याकडं तिन्ही प्रकार. शिवाय काळे डाग, ते निराळे. "डाग बहुतेक काळानं आणि मलमानं जातील. खड्डे आपोआप जाणार नाहीत," त्या म्हणाल्या. "आणि तुमचे फोड अजून येतायत. ते थांबल्याशिवाय मी मशीनला हात लावणार नाही. खालची पाइप गळत असताना भिंतीला रंग कोण लावतं?"

मी लेझर करायलाच गेलो होतो, खिशात पैसेही होते. गोळ्या घेऊन परत आलो.

आयसोट्रेटिनोइन. 1982 पासून अमेरिकेत वापरात असलेलं औषध. मला सात महिने घ्यावं लागलं. आधी रक्त तपासलं, लिव्हर आणि कोलेस्टेरॉल, मध्येही तपासलं. ओठ असे फाटले की गिऱ्हाइकाला "स्माइल प्लीज" म्हणताना माझंच रक्त यायचं. खिशात व्हॅसलीनची डबी कायम. पण दुसरा महिना संपता संपता फोड यायचे कमी झाले आणि पाचव्या महिन्यात थांबले. सतरा वर्षांनी. नुसतं एवढं झालं असतं तरी मी पेढे वाटले असते.

गोळी बंद केल्यावर सहा महिने कातडीला लेझर-बिझर लावायचं नाही, असा जुना दंडक होता. 2017 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी जुने पुरावे तपासून सांगितलं की वरवरच्या पील (अॅसिडनं कातडीचा वरचा थर काढणं) आणि फ्रॅक्शनल, म्हणजे ठिपक्याठिपक्यांच्या, लेझरसाठी एवढं थांबायला भक्कम आधार नाही. पूर्ण चेहरा यंत्रानं घासून काढणं मात्र टाळावं. मॅडमनी हे सगळं सांगून तरीही सहा महिने थांबू म्हटलं. मला चाललं. गोळी संपली जानेवारीत आणि लग्नाचा सीझन जूनपर्यंत. एप्रिल-मेच्या उन्हात भाजलेलं तोंड घेऊन मांडवाबाहेर वरात टिपायला कोण उभं राहणार? आषाढी ते कार्तिकी मुहूर्त नाहीत, आभाळ भरलेलं, फोटोग्राफर रिकामा. माझ्या तोंडाचा चातुर्मास पाळायचं ठरलं. त्यातून 2023 ला अधिक श्रावण होता, म्हणजे चार नाही, पाच महिने.

त्या सहा महिन्यांत मी इंटरनेटवर 'आधी-नंतर'चे फोटो बघत बसलो, आणि इथं माझा धंदा मध्ये आला. डावीकडच्या फोटोत उजेड एका बाजूनं, कडक. चेहरा पडलेला, हनुवटी खाली. उजवीकडच्या फोटोत समोर रिंग लाइट, एक्स्पोजर अर्धा स्टॉप जास्त म्हणजे फोटो जरा उजळ, किंचित हसू. बाहुल्यांत रिंग लाइटची गोल चकती स्पष्ट दिसते, तीही कुणी पुसलेली नाही. हसलं की गाल ताणला जातो आणि पसरट खड्डे निम्मे होतात, ही तर मॅडमच्या दोन बोटांचीच करामत. मी खुर्ची टाकली, स्वतःचे दोन फोटो काढले. एक खिडकीच्या बाजूच्या उजेडात, दुसरा सॉफ्टबॉक्स समोर घेऊन. मध्ये दोन मिनिटं गेली असतील. दोन्ही शेजारीशेजारी लावून शाळेच्या ग्रुपवर टाकले, खाली काहीच लिहिलं नाही. संध्याकाळपर्यंत अकरा जणांचे अंगठे आणि तिघांनी दवाखान्याचा नंबर मागितला. एकानं तर "वहिनी ओळखतात का?" असंही विचारलं.

त्या दिवशी ठरवलं की आपण आपल्याला फसवायचं नाही. स्टुडिओच्या फरशीवर स्टुलाच्या तीन पायांना काळी टेप चिकटवली. दिवा डाव्या खांद्याच्या रेषेत, गालाच्या उंचीला, त्याच्या स्टँडलाही टेप. कॅमेऱ्याचं सेटिंगही ठरलेलं: 85 ची लेन्स, एफ 8, सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग, आयएसओ 100. तोंड धुवून, काही न लावता, न हसता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एक फोटो डावा, एक उजवा. एडिटिंग शून्य.

पहिलं लेझर जुलैच्या पहिल्या आठवड्यात झालं. कार्बन डायऑक्साइड फ्रॅक्शनल. आधी बधिर करणारं मलम जाड थापलं आणि वर स्वयंपाकघरातल्यासारखा प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवून तासभर बसवलं. आरशात मी फ्रिजमध्ये ठेवलेल्या बासुंदीसारखा दिसत होतो. मग डोळ्यांवर घट्ट झाकणं. अंधारात टिक, टिक, टिक असा आवाज आणि प्रत्येक टिकला गरम सुयांचा एक ठसा. एका हातानं सिस्टर थंड हवेची नळी फिरवत होती. दुखतं, पण सोसतं. कपाळावर आणि जबड्याच्या हाडावर जास्त. सोसत नाही तो वास. मिशी जळाल्याचा वास, आणि जळणारे आपण.

या लेझरचा उजेड डोळ्याला दिसत नाही. 10,600 नॅनोमीटर, आमच्या कॅमेऱ्याच्या किती पलीकडं. पाणी तो शोषतं, आणि कातडीत पाणीच पाणी. त्यामुळं लागलेल्या जागचा कण वाफ होऊन उडतो. आधीच्या लेझरनं सगळा थर सपाट उडवायचे, आठवडा-दोन आठवडे चेहरा ओला राहायचा. 2004 मध्ये बोस्टनच्या मॅनस्टीन आणि अँडरसन यांनी मांडलं की सगळं भाजू नका, ठिपके ठिपके भाजा, मधली कातडी शाबूत ठेवा, तीच जखम भरून काढेल. घरी येऊन मी मॅक्रो लेन्स लावून गालाचा फोटो काढला आणि बघतच राहिलो. जुन्या वर्तमानपत्रातला छापील फोटो भिंगाखाली धरावा तसे ओळीत ठिपके. माझं तोंड हाफटोन झालं होतं.

तिसऱ्या दिवशी ठिपके तपकिरी झाले आणि गाल रवा लावल्यासारखा खरखरीत. खरवडायचं नाही, दाढी नाही, व्हॅसलीन आणि सनस्क्रीन. आठव्या दिवशी सगळं झडलं. खालून आलेली कातडी गुलाबी आणि ताणलेली, मी सलूनवाल्याला दाखवायला गेलो तर म्हणाला, "डांबर ताजं हाय, गाडी न्हाई घालायची."

त्याच महिन्यात आइस पिकवर एक काम झालं, ते मला सगळ्यात आवडलं, कारण त्यात मशीन नव्हतं. लाकडी टूथपिक. तिचं टोक आणखी बारीक केलेलं, ट्रायक्लोरोअॅसेटिक अॅसिडच्या कडक द्रावात बुडवायचं आणि खड्ड्याच्या तळाला, फक्त तळाला, टेकवायचं. काही सेकंदांत तो ठिपका खडूसारखा पांढरा पडतो. मधमाशी चावल्यासारखी आग, मग शांत. तळ भाजला की तिथं नवं कोलॅजन धरतं आणि खड्डा खालून वर येतो. 2002 साली कोरियातल्या डॉक्टरांनी ही रीत लिहून काढली. एवढ्या अरुंद आणि खोल भोकात लेझर पोचत नाही, आणि वरून घासून तिथवर जायचं तर अर्धा गाल काढावा लागेल. महिन्या-दीड महिन्याच्या अंतरानं तीनदा केलं. हे घरी करून बघू नका; ते अॅसिड काठावर सांडलं तर खड्डा मोठा होतो.

पसरट खड्ड्यांचं वेगळंच. मॅडमनी विचारलं, "पिंजाऱ्याची गादी बघितलीय ना? टाका मारला तिथं ती खाली जाते. वरून कितीही थापटा, टाका तोडल्याशिवाय वर येत नाही." गाल इंजेक्शननं बधिर करून त्यांनी एक सुई कातडीखाली आडवी घातली आणि पंख्यासारखी फिरवली. दुखलं नाही, पण ऐकू आलं. कर्र, कर्र. आपल्याच गालाच्या आतून टाके तुटल्याचा आवाज कानाला हाडातून येतो. याला सबसिजन म्हणतात. आठवडाभर डावा गाल निळा-जांभळा होता आणि आमच्या सोसायटीत माझ्या बायकोकडं सगळे आदरानं बघत होते.

मग माती मी खाल्ली. दुसरं लेझर 2 सप्टेंबरला झालं, शनिवारी. गुरुवारी दहीहंडी. एका मंडळाचं काम आधीच घेतलेलं होतं आणि पैसे बरे होते. मॅडमनी दहा दिवस ऊन नको म्हणून सांगितलेलं. मी टोपी घातली, सनस्क्रीन सकाळी एकदा लावलं, आणि दुपारी बारापासून चौकात उभा. पाऊस नव्हता. घाम, वरून पाण्याचे फवारे, आणि खपल्या ओल्या होऊन मी नकळत टॉवेलनं पुसल्या. पंधरा दिवसांत दोन्ही गाल काळवंडले, ठिपक्यांची जाळी उमटलेली. आपली गव्हाळ-सावळी कातडी अशीच आहे. तिला इजा झाली की ती रंग ओतते. म्हणून इकडच्या डॉक्टरांना परदेशी पुस्तकातले आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, मशीनचा जोर कमी ठेवावा लागतो. तो त्यांनी कमी ठेवलाच होता. उरलेलं मी केलं. त्या वर्षी पुढचं सगळं रद्द, रात्रीचं मलम आणि दर तीन तासांनी सनस्क्रीन. जाळी जायला जानेवारी उजाडला. तोवर तुळशीची लग्नं होऊन सीझन सुरू झाला आणि मी दोन महिने दुसऱ्यांच्या हळदीत स्वतःच काळा उभा राहिलो.

पुढच्या चातुर्मासात लेझर बाजूला ठेवून मॅडमनी सुयांचं मशीन घेतलं. मायक्रोनीडलिंग आरएफ, म्हणजे बारीक सुया आणि रेडिओ लहरींची उष्णता. सुया कातडीत उतरतात आणि उष्णता टोकाला, आतल्या थरात देतात; वरचा रंगाचा थर बराचसा वाचतो, त्यामुळं काळवंडायची भीती कमी. रक्ताचे बारीक थेंब येतात, दोन दिवस लाली, संपलं. जुलै ते ऑक्टोबर तीन सिटिंग. याच नावानं ऑनलाइन साडेतीनशे रुपयांत रोलर मिळतात, आमच्या ग्रुपमधल्या एकानं घेतला आणि बायको आणि मेव्हण्यानं तोच वापरला. यावर मी काय बोलू?

हिशोब: लेझर दोनदा, दहा हजार. सुया तीनदा, अठरा. टूथपिकचे तीन, सबसिजनचे अडीच. साडेतेहतीस हजार, गोळ्या आणि सनस्क्रीन सोडून. मेडिक्लेम यातला रुपया देत नाही.

आता फोटो. नवं कोलॅजन सावकाश धरतं, म्हणून शेवटच्या सिटिंगनंतर सहा महिने थांबून एप्रिल 2025 चा फोटो पहिल्या फोटोशेजारी लावला. पसरट लाटा बऱ्याच गेल्या. उभ्या काठांचे खड्डे उथळ झाले, काठ बोथट झाले, म्हणून सावली आखूड पडते. टाचणीवाल्यांपैकी डाव्या डोळ्याखालचे दोन आहेत तसेच बसलेत. पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या होत्या, निम्मा फरक पडला तर मी खूश आणि तुम्हीही व्हा. डावीकडं निम्म्याहून जास्त, उजवीकडं थोडा कमी. समोरून फ्लॅश मारला तर पूर्वीही दिसत नव्हतं, आताही दिसत नाही. सलूनवाला म्हणतो ब्लेड सरळ जातं, पण विनोद त्यानं बदललेला नाही.

गेल्या महिन्यात बहीण भाचीला घेऊन आली. सतरा वर्षांची, कपाळ आणि गाल फोडांनी भरलेले, मोबाइलमध्ये कुठल्याशा क्लिनिकची ऑफर. "मामा, तू केलंस ते मला कर म्हणून सांग ना आईला." मी मोबाइल घेतला आणि तिला फोटोतल्या बाहुल्या मोठ्या करून दाखवल्या. ती म्हणाली, "अय्या, रिंग लाइट." मग मिरजेला घेऊन गेलो. मॅडमनी बाजूनं दिवा धरला, गाल ताणला. खड्डा एकही नाही. नुसते फोड आणि डाग. रात्री लावायचं मलम दिलं, बारा आठवड्यांनी या म्हणाल्या. लागलीच तर पुढं सॅलिसिलिक अॅसिडची हलकी पील. गोळ्यांचं बहिणीनंच विचारलं. त्या गोळीवर असताना दिवस गेले तर बाळाला गंभीर व्यंग होऊ शकतं, म्हणून मुलींना ती फार जपून, नीट सगळं विचारूनच देतात, एवढं ऐकून बहीण गप्प झाली. भाची सगळ्यात नाराज. लेझर नाही, नखं लावायची नाहीत, आणि बारा आठवडे.

परतताना तिला स्टुडिओत नेलं. दिवाळीच्या साफसफाईत पोरानं फरशीवरच्या टेपा काढून टाकल्या होत्या, गोंदाच्या काळ्या खुणा तेवढ्या राहिल्यात. त्यांच्यावर स्टूल ठेवलं, दिवा लावला. ती केस पुढं ओढत होती.

"केस मागं घे. हसू नको."

"लग्नात तर सगळ्यांना हस म्हणतोस."

"ते पैसे देतात."

क्लिक. उजवा गाल राहिला होता, तेवढ्यात लाइट गेली.